लगाम किती घट्ट धरायचा?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावर आहेत, ऑनलाइन ग्रुप सांभाळणाऱ्यांची आणि त्या ग्रुपना वैतागलेल्यांचीही. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आणि हेच घेतलेत. नावं कोणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न: ताई नमस्कार. आमचा फोटोग्राफीचा ग्रुप आहे, मी आणि अजून दोघं मिळून मॉडरेट करतो, म्हणजे ग्रुपवर काय ठेवायचं आणि काय काढायचं ते बघतो. प्रॉब्लेम एका जुन्या मेंबरचा आहे. माणूस प्रचंड हुशार, लेन्स असो की लाइट, त्याला विचारलं की उत्तर चोख मिळणार, पण नवीन कोणी फोटो टाकला की याचं सुरू होतं, "आधी मॅन्युअल वाच मग तोंड उघड", "त्यापेक्षा कॅमेरा विकून टाक". शिवी कधीच देत नाही त्यामुळे नियमात काही सापडत नाही. परवा एका मुलीने पहिल्यांदाच फोटो टाकला, त्यावर याने हेच लिहिलं, तिने फोटो काढला आणि ग्रुपच सोडला. एक मॉडरेटर म्हणतो काढून टाका त्याला, दुसरा म्हणतो तो गेला तर ग्रुपमध्ये उरणार काय. काय करू?
(भिडेपोटी गप्प बसलेली)

उत्तर: तुमच्या पत्रात त्या माणसाबद्दल भरपूर लिहिलंय आणि त्या मुलीबद्दल जेमतेम एक वाक्य आहे. बहुतेक ग्रुपमध्ये असंच होतं, जो बोलतो तो दिसत राहतो आणि जी गेली ती दिसत नाही. आता जरा विचार करा, तो फोटो आणि त्याखालची ती कमेंट अजून किती जणांनी वाचली असेल, आणि त्यातले कितीजण आपला एखादा फोटो टाकू की नको करत बसले असतील. त्यांनी तो टाकला नाही. हे लोक भांडत नाहीत, रिपोर्ट करत नाहीत, ग्रुपही सोडत नाहीत, नुसते गप्प होतात, आणि मग काही वर्षांनी आपणच म्हणतो की ग्रुप थंड पडला, नवीन कोणी काही टाकतच नाही.

शिवाय असं लागट बोलणं एकट्यापुरतं राहत नाही. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता, त्यात लोकांना आधी एक टेस्ट दिली, काहींना सोपी आणि काहींना मुद्दाम अवघड म्हणजे त्यांचा मूड जावा अशी, आणि मग सगळ्यांना एका लेखावरच्या चर्चेत लिहायला सांगितलं, त्यात काहींना वरती साध्या कमेंट्स दिसत होत्या तर काहींना खोचक. ज्यांचा मूडही गेलेला आणि वर खोचक कमेंट्सही दिसत होत्या, त्यांच्यातलं ट्रोलिंगचं, म्हणजे मुद्दाम डिवचणारं लिहिण्याचं प्रमाण, ज्यांचा मूड चांगला होता आणि वर साध्या कमेंट्स दिसत होत्या त्यांच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट निघालं. ही काही ठरवून ट्रोल करणारी टोळी नव्हती, चारचौघांसारखीच माणसं होती. तुमच्या ग्रुपमध्ये तो एकटा तसं लिहितो असं तुम्हाला वाटतंय, पण एकदा त्याच्या कमेंटखाली हसण्याचे इमोजी कोण टाकतंय ते बघा आणि त्यातले किती जण आता त्याच्याच भाषेत लिहायला लागलेत तेही बघा.

तेव्हा माझं म्हणणं असं की त्याला काढू नका, पण गप्पही बसू नका. लवकर बोला आणि हलक्या हाताने बोला. मॉडरेटर लोकांचं गणित इथेच चुकतं, आधी महिनोन्‌महिने भिडेखातर सगळं चालवून घ्यायचं आणि मग एक दिवस पाणी डोक्यावरून गेलं की एकदम बॅन. मग तो विचारतो काल चाललं ते आज का नाही, आणि त्याचं हे विचारणं रास्तच असतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी, तुम्ही त्याला दुखवायचं टाळलंत आणि त्याची किंमत त्या मुलीने दिली.

नेमकं काय करायचं ते सांगते. त्याची ती कमेंट काढा आणि त्याच दिवशी त्याला पर्सनल मेसेज करा, ग्रुपवर नको, चारचौघांत बोललात तर तो इरेला पेटेल. मेसेज साधारण असा: "दादा, तुमची कालची कमेंट काढलीये. शटर स्पीडबद्दल जे लिहिलंत ते अगदी बरोबर होतं, तेवढं परत टाका प्लीज, सगळ्यांना उपयोगी आहे. 'कॅमेरा विकून टाक' हे मात्र नको. फोटोवर कितीही कडक बोला, काढणाऱ्यावर नको." कुठलं वाक्य गेलं ते त्याला कळलं, काय राहू शकतं तेही कळलं, आणि परत यायला वाट मोकळी राहिली. "तुमची भाषा सुधारा" असा मेसेज केलात तर भांडण नक्की, कारण त्यात त्याने नक्की काय बदलायचं हे कुठेच नाही. पुन्हा झालं तर पुन्हा काढा, तिसऱ्यांदा झालं तर आठवडाभर म्यूट करा, आणि हे पुढे काय होणार ते त्याला आधीच सांगून ठेवा. त्यानंतरही तसंच चालू राहिलं तर मात्र त्याला निरोप द्या, हुशार असला तरी. आणि हो, त्या मुलीला एक मेसेज नक्की करा. ती परत येईल न येईल, पण जे झालं ते ग्रुपला मान्य नाही एवढं तिला कळायला हवं.

राहिला तुमचा नियम. "शिवीगाळ करू नये" एवढ्यावर भागत नाही कारण माणूस दुखावायला शिवी लागतच नाही. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमर लोकांची प्रश्नोत्तरांची साइट २००८ पासून आहे, तिथेही शिव्या फारशा नव्हत्याच, होता तो तुच्छपणा, एवढं पण माहीत नाही का टाइपचा. २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर कबूल केलं की नवीन लोकांना, विशेषतः बायकांना, आमच्याकडे परकं वाटतं, आणि त्याच वर्षी नियम बदलून आडून टोमणे मारणंही चालणार नाही असं स्पष्ट लिहिलं. तुमच्या दुसऱ्या मॉडरेटरला हे सांगा, तिथे हुशार माणसांची काही कमी नव्हती.

नियम नुसता लिहून कोपऱ्यात ठेवू नका, प्रत्येक नव्या चर्चेच्या वर दिसू दे. यावर नेहमी ऐकू येतं की आल्या आल्या नियम दाखवले तर नवीन लोक बिचकतील. रेडिट या चर्चेच्या साइटवरच्या विज्ञानाच्या मोठ्या कम्युनिटीत हे तपासलं गेलंय, २,१९० चर्चांमध्ये, निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. काही चर्चांच्या वर नियम चिकटवले, काहींच्या नाही. जिथे नियम दिसत होते तिथे नवीन लोकांचं नियम पाळण्याचं प्रमाण ८ टक्के पॉइंटहून जास्त वाढलं, आणि नवीन लोकांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. कमी नाही झाला, वाढला! इथे हाणामारी चालत नाही हे दिसलं की बिचकणाऱ्यालाच धीर येतो.

प्रश्न: एका ग्रुपवर माझा मॉडरेटरशीच वाद झाला. मी पण जरा चढूनच बोललो, एकदा "अक्कल गहाण ठेवलीये का" असं लिहिलं. पण तोही मला तसंच बोलत होता. रात्री बघतो तर माझ्या सगळ्या कमेंट्स गायब, साध्या मुद्द्याच्या होत्या त्या पण, त्याच्या सगळ्या जागेवर. विचारलं तर म्हणे "ग्रुप आमचा आहे, पटत नसेल तर निघा" आणि ब्लॉक. हे कुठल्या नियमात बसतं?
(गायब झालेला)

उत्तर: कुठल्याच बऱ्या नियमात बसत नाही. ती अक्कल वाली कमेंट जायलाच हवी होती, तिच्याबद्दल मी तुमची बाजू घेणार नाही. पण तिच्यासोबत मुद्द्याच्या कमेंट्सही उडवणं आणि स्वतःच्या तेवढ्या ठेवणं हे वड्याचं तेल वांग्यावर काढणं झालं.

ज्या वादात आपण स्वतः उतरलोय तिथे डिलीटचं बटण आपण वापरायचं नाही, हे ऑनलाइन दुनियेत फार जुनं शहाणपण आहे. स्लॅशडॉट नावाची साइट १९९७ मध्ये सुरू झाली, तिथे कमेंट्सना उणे १ पासून ५ पर्यंत गुण मिळायचे आणि ते देण्याचा अधिकार नेहमीच्या वाचकांनाच थोड्या दिवसांसाठी आळीपाळीने मिळायचा, पण एक अट होती, ज्या चर्चेत तुम्ही गुण दिलेत तिथे तुम्ही स्वतः कमेंट टाकलीत की तुम्ही दिलेले गुण रद्द. एकतर बोला नाहीतर पंच व्हा. विकिपीडियावरही ज्या वादात प्रचालक, म्हणजे तिथला ॲडमिन, स्वतः गुंतलेला आहे तिथे त्याने आपले अधिकार वापरू नयेत, दुसऱ्या प्रचालकाला बोलवावं असाच दंडक आहे. यासाठी काही मोठी यंत्रणा लागत नाही हो, दोन मॉडरेटर असले तरी पुरतं, एक भांडला तर दुसऱ्याने बघायचं.

कारण न सांगता डिलीट करणं हे दुसरं. मॉडरेटर म्हणतात प्रत्येकाला कारण सांगत बसायला वेळ कुठे आहे. पण रेडिटवरच्या काढून टाकलेल्या पोस्टींवर २०१९ मध्ये एक मोठा अभ्यास झाला, त्यात दिसलं की जिथे का काढली ते सांगितलं जातं तिथे त्या लोकांच्या पुढच्या पोस्टी काढायची वेळ कमी येते. म्हणजे कारण सांगायला गेलेला वेळ पुढे वाचतो. २०१८ मध्ये अभिव्यक्तीच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या काही संस्था आणि अभ्यासकांनी सांता क्लारा तत्त्वं म्हणून एक मसुदा काढला, तो मोठमोठ्या कंपन्यांसाठी होता, किती पोस्टी काढल्या त्याचे आकडे जाहीर करा, ज्याची काढली त्याला कळवा, आणि त्याला दाद मागू द्या. छोट्या ग्रुपला आकडे नको, पण कळवणं आणि दाद हे दोन तरी जमायला काय हरकत आहे?

आता तुम्ही काय करायचं. दुसऱ्या मॉडरेटरला एकच मेसेज लिहा, शांतपणे, त्यात अक्कल वाल्या कमेंटबद्दल आधी सॉरी म्हणा आणि बाकीच्या कमेंट्स परत मिळतील का विचारा. स्क्रीनशॉट असतील तर जोडा. दुसरं अकाउंट काढून आत शिरू नका आणि मित्रांना ग्रुपवर बोंब मारायला लावू नका, त्याने तुमची खरी तक्रारही खोटी दिसायला लागेल. उत्तर आलं नाही तर तो ग्रुप तुमच्या वेळेच्या लायकीचा नाही असं समजा आणि पुढे चला.

प्रश्न: फिल्टर लावून ठेवला की काम होत नाही का? शिवीचा शब्द आला की पोस्ट उडाली, भांडण नको.
(शॉर्टकट शोधणारा)

उत्तर: होत नाही. ज्याला शिवी द्यायची आहे तो मध्ये टिंब टाकून, अक्षर बदलून देतोच, आणि ज्याचा काही दोष नाही तो अडकतो. १९९६ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीच्या फिल्टरमुळे इंग्लंडमधल्या स्कंथॉर्प गावच्या लोकांना खातंच उघडता येईना, कारण गावाच्या स्पेलिंगच्या पोटात एक शिवी बसते. शिवाय "मला तो अमुक म्हणाला" अशी तक्रार करणाऱ्याचीच पोस्ट पहिली उडते, चोर सोडून संन्याशाला फाशी. फिल्टर लावा, पण उडवायला नको, पोस्ट बाजूला काढून ठेवायला लावा आणि मग माणसाने बघून ठरवावं.

प्रश्न: मॅडम, मला हे मॉडरेशन प्रकरणच पटत नाही. मोठी माणसं आहेत सगळी. ज्याला आवडत नाही त्याने वाचू नये, ब्लॉक करावं. तुम्ही एकदा डिलीट करायला लागलात की थांबायचं कुठे हे कोण ठरवणार? उद्या मॉडरेटरला न पटणारं प्रत्येक मत "लागट" ठरेल. मोकळं सोडा, लोक आपोआप शिकतात.
(मोकळ्या चर्चेचा समर्थक)

उत्तर: तुमची भीती खोटी नाही, त्याकडे येतेच. पण मोकळं सोडलं की आपोआप शिकतात हे आधी बघू, कारण हे खरोखर करून बघितलं गेलंय.

१९९० मध्ये पॅव्हेल कर्टिस या संशोधकाने लॅम्ब्डामू नावाचं एक ऑनलाइन जग सुरू केलं. चित्रं नाहीत, सगळं शब्दांत, लोक आपापली पात्रं घेऊन त्यात वावरायचे. ते चालवणाऱ्यांना तिथे विझर्ड म्हणायचे, सगळे अधिकार त्यांच्या हातात. भांडणं सोडवून सोडवून ते दमले आणि १९९२ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी जाहीर केलं की आता आम्ही फक्त तांत्रिक काम बघू, तुमची भांडणं तुम्ही मिटवा. काही महिन्यांतच एका युजरने एक छोटा प्रोग्रॅम वापरून, सगळ्यांसमोर, दुसऱ्यांच्या पात्रांच्या तोंडी आणि नावावर अत्यंत घाणेरडी, लैंगिक अत्याचाराची वर्णनं टाकली. ज्यांच्या पात्रांवर हे झालं त्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करा. "वाचू नका, ब्लॉक करा" हे त्यांनाही सांगितलं गेलंच. पण त्यांनी ब्लॉक केलं तरी बाकी सगळे ते वाचतच होते ना! मग मोठी सभा भरली, तासन्‌तास चर्चा झाली, आणि निर्णय काहीच झाला नाही. शेवटी एका विझर्डने कोणालाही न विचारता, एकट्याने, त्या युजरचं खातं काढून टाकलं. बघा म्हणजे, नियम नाहीत म्हणून निर्णय टळला नाही, तो एका माणसाच्या मर्जीवर झाला आणि त्याला जाब विचारायची सोय कुठेच नव्हती. त्यानंतर तिथे अर्ज आणि मतदानाची पद्धत आली, आणि १९९६ मध्ये विझर्डनी लिहून टाकलं की नुसतं तांत्रिक काम असं काही नसतंच, आम्हाला पुन्हा लक्ष घालावं लागेल.

लोक म्हणतात एका ठिकाणी बंद केलं की घाण दुसरीकडे जाते. रेडिटने २०१५ मध्ये उघड द्वेष करणाऱ्या काही कम्युनिटी बंद केल्या, त्यातल्या दोन मोठ्या कम्युनिटींचा २०१७ मध्ये अभ्यास झाला. बरेच लोक रेडिट सोडून गेले, पण जे राहिले त्यांच्या लिहिण्यातली द्वेषाची भाषा किमान ८० टक्क्यांनी घटली, आणि ते ज्या दुसऱ्या कम्युनिटीत गेले तिथेही ती वाढलेली दिसली नाही. हेही सांगायला हवं की २०२१ च्या एका अभ्यासात वेगळं चित्र आलं, बंदी घातलेले दोन समूह आपापल्या वेगळ्या साइटवर गेले तेव्हा संख्येने घटले पण त्यातल्या एकाची भाषा अजून कडवट झाली. म्हणजे बॅन हा सगळ्यावरचा इलाज नाही, मी पण तो शेवटचाच मानते.

आता तुमची भीती. मॉडरेटर मतांवर कात्री चालवतात, हे रोज होतं आणि ते वाईटच आहे. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्याच लोकांनी २०१५ मध्ये तीन मोठ्या साइटवरच्या कमेंट्स तपासल्या होत्या, त्यात असं दिसलं की ज्यांच्या कमेंट्स सुरुवातीलाच, फारशी चूक नसताना उडवल्या गेल्या ते पुढे सुधारण्याऐवजी अजून वाईट लिहायला लागले. तुमच्या बाजूचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. म्हणून मी प्रत्येक मॉडरेटरला एकच तपासणी करायला सांगते, आपल्याला पटणाऱ्या माणसाने हेच, याच शब्दांत, उलट बाजूने लिहिलं असतं तर मी डिलीट केलं असतं का? "ही योजना फसणार, कारण पैसा कुठून येणार ते कोणीच सांगत नाही" हे राहिलं पाहिजे, तुम्हाला ती योजना कितीही प्रिय असली तरी. "या योजनेला विरोध करणारे सगळे विकले गेलेत" हे जायला हवं, तुमचा स्वतःचा विरोधकांवर कितीही राग असला तरी, कारण त्यात योजनेबद्दल काहीच नाहीये. आणि असं एखादं वाक्य गेलं की कोणीतरी "टाळी एका हाताने वाजत नाही" म्हणून दोघांनाही म्यूट करतो, तेही करू नका, कोणी काय लिहिलं ते वर जाऊन वाचा. वाचायला पाच मिनिटं लागतात.

प्रश्न: ग्रुप एका विषयाचा आणि लोक राजकारणाचे फॉरवर्ड टाकत बसतात. प्रत्येकाला बोलायचं का?
(कंटाळलेला मेंबर)

उत्तर: नको. गप्पांसाठी वेगळा धागा किंवा वेगळा ग्रुप काढा आणि तिकडे हलवा, "हे तिकडे टाकलंय, तिथे बोलू" एवढंच लिहून. विषय सोडून बोलणं हा काही गुन्हा नाही, त्यावर रागवायची गरज नाही.

प्रश्न: ताई, मी एकटीच मॉडरेटर आहे. मोठा ग्रुप आहे, रात्री दीड दीड वाजता रिपोर्ट येतात, सकाळी उठून बघितलं तर तोवर सगळं पेटलेलं. कोणाचं काही काढलं की तो मला इनबॉक्समध्ये येऊन वाट्टेल ते बोलतो. पैसे तर मिळत नाहीतच. सोडून द्यावंसं वाटतं, पण सोडलं तर ग्रुप बुडेल. माझंच मन कोतं आहे का?
(दमलेली)

उत्तर: अजिबात नाही. दिवसरात्र घाण वाचत राहणं माणसाला बाधतं, हे आता कोणी नाकारत नाही. फेसबुकसाठी मजकूर तपासणाऱ्या मॉडरेटर्सनी मानसिक त्रासाबद्दल केस केली होती, २०२० मध्ये कंपनीने ५ कोटी २० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. ते पगारी होते आणि त्यांनी बघितलेलं फार भयंकर होतं, तुमचं तसं नसेल, पण रोज थोडं थोडं अपमानाचं वाचणं साचतच जातं.

आजपासून रात्री ग्रुप बंद ठेवा. बऱ्याच ॲपमध्ये फक्त ॲडमिननेच लिहायचं अशी सेटिंग असते, व्हॉट्सॲपवर ती २०१८ पासून आहे, रात्री अकराला लावायची आणि सकाळी काढायची. दोन दिवस लोक कुरकुर करतील, मग सवय होईल. नवीन मेंबरच्या पहिल्या काही पोस्टी तपासून सोडायची सोय असेल तर तीही चालू करा, जुन्यांसाठी नको, नाहीतर तुमचंच काम वाढेल. इनबॉक्समध्ये येऊन शिव्या देणाऱ्याला उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट घ्या आणि ब्लॉक करा, ज्याला खरोखर दाद मागायचीये त्याच्यासाठी एक ठरलेली जागा ग्रुपवरच लिहून ठेवा.

आणि दोन माणसं शोधा. जोरजोरात बोलणाऱ्यांमधून नको, जे भांडणात कधी सापडत नाहीत पण कोणी नवीन आला की आठवणीने उत्तर देतात त्यांना विचारा, असे प्रत्येक ग्रुपमध्ये असतात आणि त्यांना कधी कोणी विचारलेलंच नसतं. त्यांच्यासोबत एक साधी वही ठेवा, ऑनलाइनच, कोणाचं काय काढलं, का काढलं, काय कळवलं. त्यामुळे तिघांचा हात सारखा पडेल आणि तुम्ही चार दिवस फोन बाजूला ठेवलात तरी काम अडणार नाही. एवढं करूनही कोणी पुढे आलं नाही तर महिनाभराची मुदत ग्रुपवर जाहीर करून बाजूला व्हा, कोणीच घेतलं नाही तर ग्रुप वाचण्यापुरता उघडा ठेवून लिहिणं बंद करा.